निमंत्रण आणि नकार : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या 'बाउल' सामन्यांचे स्वरूप

१. प्रास्ताविक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन फुटबॉलचा नियमित हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरच्या आरंभी संपतो. हंगाम संपल्यानंतर बहुतेक खेळांत विजयी संघ एकमेकांशी क्रमाने झुंजतात व शेवटी एक विजेता उरतो. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मात्र दीर्घकाळ निराळाच प्रघात होता. हंगामात नाव मिळविलेल्या संघांस दूरच्या शहरांतील समित्या निमंत्रण पाठवीत. दोन संघ ते स्वीकारून त्या शहरी जात, नववर्षदिनी किंवा त्याच्या आगेमागे एकच सामना खेळत आणि आपापल्या विद्यापीठांत परतत. या सामन्यास 'बाउल' सामना अशी संज्ञा आहे, आणि पुष्कळ बदल होऊनही तो प्रघात अद्याप मोडलेला नाही.

बाउल सामन्यांविषयीच्या लेखनात सामान्यतः जयपराजय, गुण आणि प्रेक्षकसंख्या यांचीच नोंद आढळते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू वेगळा आहे. बाउल सामना हा मुळात स्पर्धेतील टप्पा नसून निमंत्रणाचा सामना होय. आणि त्याच्या इतिहासातील महत्त्वाचे वाद निमंत्रण कोणी द्यावे, कोणत्या अटींवर द्यावे व ते नाकारण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांतून उद्भवलेले आहेत, असे येथे दाखवावयाचे आहे.

विषयात शिरण्यापूर्वी दोन गोष्टींचा खुलासा आवश्यक आहे. पहिली अशी की, अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो भारतात परिचित असलेला फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हातात धरून धावता येते, हाताने पुढे फेकताही येतो. आणि प्रतिपक्ष चेंडूधारकास अंगाने भिडून खाली पाडतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावयाचे, असे करीत शंभर यार्डांच्या मैदानाच्या टोकाशी असलेली प्रतिपक्षाची रेषा ओलांडावयाची, हे या खेळाचे सार. दुसरी गोष्ट अशी की, हा खेळ विद्यापीठांत जन्मला व तेथेच वाढला. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ मध्ये रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला. आजचा प्रमुख धंदेवाईक संघ-समूह त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९२० मध्ये, स्थापन झाला. त्यामुळे विद्यापीठाचा फुटबॉल संघ हा तेथे केवळ विद्यार्थ्यांच्या व्यायामाचा विषय राहिला नाही. तो त्या विद्यापीठाच्या व पुष्कळदा त्या संपूर्ण राज्याच्या अभिमानाचा विषय झाला.

२. उत्सवातून सामना

बाउल सामन्याचे मूळ क्रीडाक्षेत्रात नसून एका शहराच्या पुष्पोत्सवात आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे १ जानेवारी १८९० रोजी व्हॅली हंट क्लब या मंडळाने फुलांनी सजविलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. पूर्वेकडील शहरे बर्फाखाली दडलेली असताना आपल्याकडे गुलाब व संत्री बहरलेली असतात, हे देशास दाखवावे, हा त्यामागील हेतू होता. पॅसाडीना हे त्या काळी थंडीपासून दूर पळणाऱ्या सधन लोकांचे विश्रामस्थान होते. तेव्हा उत्सवात आनंदाबरोबर जाहिरातीचाही अंश प्रारंभापासून होता. १८९५ मध्ये उत्सवाच्या व्यवस्थेसाठी 'टूर्नामेंट ऑफ रोझेस' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

मिरवणूक आटोपल्यावर जमलेल्या लोकांची करमणूक काय करावी, हा प्रश्न दरवर्षी पडे. आपल्याकडे गावच्या जत्रेत पालखी निघून गेल्यावर कुस्त्यांचा फड भरतो, तशीच ही गरज होती. तीतूनच १ जानेवारी १९०२ रोजी मध्यपश्चिमेतील मिशिगन विद्यापीठाच्या संघास बोलावून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी त्याचा सामना ठरविण्यात आला. मिशिगनने तो ४९–० असा जिंकला व वेळ शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने खेळ थांबविण्याची विनंती केली. सुमारे आठ हजार लोकांनी पाहिलेला हा पहिलाच बाउल सामना. परंतु त्याचा परिणाम असा झाला की संयोजकांनी फुटबॉलच सोडून दिला. पुढील काही वर्षे, १९०४ ते १९१५ पर्यंत, त्याच्या जागी प्राचीन रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती झाल्या. फुटबॉल परत आला तो १९१६ मध्ये. सामना हा उत्सवाचा पाहुणा होता, यजमान नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. रथ अधिक लोक आणतात असे वाटले तेव्हा रथ आले. ते महाग व धोक्याचे ठरले तेव्हा फुटबॉल परतला.

'बाउल' हे नाव तर याहूनही मागाहूनचे आहे. न्यू हेवन येथील येल विद्यापीठाने १९१४ मध्ये जमीन खोदून व निघालेल्या मातीचे उतरते बांध घालून वाडग्याच्या आकाराचे क्रीडागार बांधले व त्यास 'येल बाउल' असे नाव दिले. त्याच धर्तीवर मायरन हंट या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे पॅसाडीना येथे १९२२ मध्ये नवे क्रीडागार उभे राहिले. गुलाबोत्सवाच्या योगाने ते 'रोझ बाउल' झाले. १ जानेवारी १९२३ पासून वार्षिक सामना तेथे होऊ लागला व क्रीडागाराचे नाव सामन्यास चिकटले. पुढे इतर शहरांनी हे नाव उचलले तेव्हा त्याचा वाडग्याशी असलेला संबंध सुटला. आज 'बाउल' म्हणजे हंगामोत्तर निमंत्रणाचा सामना, एवढाच अर्थ उरला आहे.

३. यजमान शहर आणि त्याचा हिशेब

१९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत दक्षिणेकडील उबदार शहरांना हिवाळी प्रवाशांची निकड भासू लागली. पॅसाडीनाचे उदाहरण समोर होतेच. १ जानेवारी १९३५ रोजी फ्लॉरिडातील मायॅमी येथे 'ऑरेंज बाउल' व लुइझियानातील न्यू ऑर्लीन्स येथे 'शुगर बाउल' हे सामने सुरू झाले. टेक्सासमधील एल पासो येथील 'सन बाउल' १९३६ पासून महाविद्यालयीन संघांचा झाला, आणि १९३७ मध्ये डॅलस येथे एका तेलव्यावसायिकाच्या पुढाकाराने 'कॉटन बाउल' सुरू झाला. संत्रे, साखर, ऊन आणि कापूस ही नावे पाहिली म्हणजे हेतू वेगळा सांगावा लागत नाही. जो पदार्थ ज्या प्रांताचे भांडवल, त्याच्या नावाने तेथे पाहुण्यांस पाचारण केलेले आहे.

या सामन्यांची व्यवस्था विद्यापीठांकडे नव्हती. शहरातील व्यापारी, हॉटेलमालक व प्रतिष्ठित नागरिक यांची नफा न वाटणारी समिती असे. समितीचे प्रतिनिधी नोव्हेंबरात ठिकठिकाणचे सामने पाहत फिरत आणि हंगाम संपत आला म्हणजे निमंत्रणे निघत. निवडीची कसोटी केवळ खेळातील श्रेष्ठता ही नव्हती. ज्या संघामागून त्याचे समर्थक मोठ्या संख्येने प्रवास करतील, चार दिवस शहरात राहतील व खर्च करतील, तो संघ किंचित् दुर्बल असला तरी समितीस अधिक इष्ट वाटे. तिकिटांच्या उत्पन्नातून दोन्ही विद्यापीठांस वाटा मिळे. खेळाडूंस प्रवास, आदरातिथ्य व एखादी स्मरणवस्तू मिळे.

या व्यवस्थेत राष्ट्रीय विजेता ठरविण्याची सोय नव्हती व तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. देशातील संघांचा श्रेष्ठताक्रम असोशिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडालेखकांच्या मतांवरून १९३६ पासून जाहीर करू लागली. परंतु तिचा शेवटचा कौल बाउल सामन्यांच्या आधीच लागत असे. १९५० च्या हंगामात ओक्लाहोमा विद्यापीठ प्रथम क्रमांकावर ठरले आणि १ जानेवारी १९५१ रोजी शुगर बाउलमध्ये केंटकी विद्यापीठाकडून ७–१३ असे हरले. तरीही त्याचे प्रथम स्थान अबाधित राहिले, कारण कौल आधीच लागलेला होता. हा क्रम कायमचा बदलून बाउल सामन्यांनंतर मतदान घेण्याची पद्धत १९६८ च्या हंगामापासून रूढ झाली. तात्पर्य, पहिल्या अर्धशतकात बाउल सामन्याचा निकाल काहीच ठरवीत नव्हता. तरीही लोक त्यासाठी हजार मैल प्रवास करीत, कारण निमंत्रण मिळणे हाच बहुमान होता.

४. निमंत्रणाच्या अटी

जेथे यजमान आहे तेथे घरात कोणास घ्यावयाचे याचा निर्णयही आहे. ऑरेंज, शुगर, कॉटन या सामन्यांची शहरे दक्षिणेत होती, आणि दक्षिणेत गोऱ्या व कृष्णवर्णीय नागरिकांस शाळा, वाहने, उपाहारगृहे व क्रीडागारे यांत अलग ठेवणारे कायदे व रूढी होत्या. दक्षिणेतील राज्यांची प्रमुख विद्यापीठे केवळ गोऱ्यांसाठी होती. उत्तरेकडील व पश्चिमेकडील काही विद्यापीठांत मात्र तुरळक प्रमाणात कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत व खेळत. १९१६ च्या पॅसाडीना येथील सामन्यात ब्राउन विद्यापीठाकडून फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला होता. परंतु ते कॅलिफोर्नियात घडले. दक्षिणेत अशा प्रसंगी 'सभ्य गृहस्थांचा करार' या नावाने ओळखली जाणारी अलिखित तडजोड चाले. पाहुण्या संघाने आपला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवू नये, म्हणजे कोणासच संकोच नाही, असे तिचे स्वरूप होते. बॉस्टन कॉलेजचा लू माँटगोमेरी हा खेळाडू १९४० च्या कॉटन बाउलमध्ये व १९४१ च्या शुगर बाउलमध्ये अशाच रीतीने बाहेर ठेवण्यात आला. निमंत्रण संघास होते. संघातील प्रत्येकास नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही तडजोड ढिली होऊ लागली. १ जानेवारी १९४८ रोजी डॅलस येथील कॉटन बाउलमध्ये पेन स्टेटच्या संघातून वॉलेस ट्रिप्लेट व डेनी होगार्ड हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाविरुद्ध खेळले. शहरातील हॉटेले त्यांस उतरवून घेण्यास तयार नसल्याने सारा संघ नौदलाच्या विमानतळावरील निवासात राहिला. सामना १३–१३ असा बरोबरीत सुटला, आणि बरोबरी साधणारे गुण ट्रिप्लेटनेच मिळविले.

याच्या उलट उदाहरण १९५१ चे आहे. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा संघ नऊ सामन्यांत अपराजित राहिला. त्यात ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्या दोघांस मागे ठेवल्यास दक्षिणेकडील बाउलचे निमंत्रण मिळू शकेल असे सुचविण्यात आले आणि संघाने एकमुखाने ते धुडकावले, असे त्या संघातील खेळाडूंनी पुढे सांगितले आहे. निमंत्रण आले नाही. आर्थिक अडचणीमुळे त्या विद्यापीठाने हंगामानंतर आपला फुटबॉल संघच बंद केला. मॅटसनने पुढल्याच वर्षी हेलसिंकी येथे, म्हणजे ज्या ऑलिंपिक महोत्सवात खाशाबा जाधव यांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले तेथेच, धावण्याच्या शर्यतींत दोन पदके संपादन केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नकार देणारे विद्यार्थी होते, आणि त्या नकाराची किंमतही विद्यार्थ्यांनीच मोजली.

५. १९५६ चा शुगर बाउल

निमंत्रणाच्या अटींचा प्रश्न सर्वाधिक स्पष्टपणे पुढे आला तो २ जानेवारी १९५६ च्या शुगर बाउलच्या निमित्ताने. न्यू ऑर्लीन्सच्या समितीने जॉर्जिया टेक व पिट्सबर्ग विद्यापीठ या संघांस निमंत्रण दिले होते. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. तो संघाबरोबर येईल, खेळेल, व पिट्सबर्गच्या प्रेक्षकांस दिलेल्या जागांत वर्णावरून भेद होणार नाही, ही पिट्सबर्गची भूमिका होती. समितीने ती मान्य केली आणि जॉर्जिया टेकनेही हे जाणूनच निमंत्रण स्वीकारले. तोपर्यंत शुगर बाउलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता.

काळ मोठा प्रक्षोभाचा होता. शाळांतील वर्णविभक्ती घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये दिला होता व दक्षिणेतील राजकारणी त्यास विरोध करण्याची शपथ घेत होते. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी येथे बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांस अटक झाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी जॉर्जियाचे राज्यपाल मार्व्हिन ग्रिफिन यांनी राज्याच्या विद्यापीठ नियामक मंडळास तार केली. ज्या प्रतिपक्षात कृष्णवर्णीय खेळाडू असतील, किंवा ज्या क्रीडागारात प्रेक्षक मिश्र बसतील, तेथे राज्यातील कोणत्याही संघास खेळू देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. वर्गात जे तत्त्व सोडावयाचे नाही ते मैदानात सोडल्यास संघर्ष हरल्यासारखाच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांची भूमिका निंद्य असली तरी एका बाबतीत त्यांनी वस्तुस्थिती अचूक ओळखली होती. खेळाचे मैदान समाजाच्या नियमांपासून अलग नसते, हे त्यांना त्यांच्या विरोधकांइतकेच समजले होते.

त्याच रात्री अटलांटा शहरात जॉर्जिया टेकच्या विद्यार्थ्यांचा प्रचंड जमाव रस्त्यावर आला. राज्यपालांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या व मोर्चा राज्यगृहावरून त्यांच्या निवासस्थानापर्यंत गेला. संस्थेचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लीअर यांनी दिलेला शब्द मोडण्यास ठाम नकार दिला. तीन दिवसांनी, ५ डिसेंबर रोजी, नियामक मंडळाने मोठ्या बहुमताने संघास जाण्याची अनुमती दिली.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना सावधगिरी बाळगणे इष्ट होय. निदर्शने करणारे विद्यार्थी सर्वच्या सर्व गोरे होते. त्यांच्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेशच नव्हता, तो पुढे १९६१ मध्ये मिळाला. बहुतेकांचा रोष वर्णभेदावर नसून आपला सामना हिरावला जातो यावर होता. नियामक मंडळानेही समतेचे तत्त्व स्वीकारले नाही. राज्याबाहेरील सामन्यांत यजमान राज्याचे नियम पाळावेत व जॉर्जियात मात्र वर्णविभक्ती कायम राहावी, एवढेच त्याने ठरविले. तरीही परिणाम हेतूपेक्षा मोठा झाला. वर्णभेदाची शिस्त टिकते ती प्रत्येकाने लहानसहान गोष्टींत ती निमूटपणे पाळल्यामुळे. येथे गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका समुदायाने, मग ते स्वार्थासाठी का असेना, त्या शिस्तीपेक्षा आपला सामना अधिक मोलाचा मानला, आणि राज्यपालास माघार घ्यावी लागली.

सामना न्यू ऑर्लीन्स येथील ट्यूलेन क्रीडागारात झाला. जॉर्जिया टेक ७–० असा विजयी झाला, आणि त्या एकमेव गुणांस कारण झाला तो ग्रिअरविरुद्ध दिलेला निर्णय. पहिल्या चरणात, पुढे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास त्याने बेकायदा अडविले, असे पंचाने ठरविले. चेंडू अंतिम रेषेपासून एका यार्डावर ठेवला गेला आणि तेथून जॉर्जिया टेकने रेषा ओलांडली. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. आपणास मागून धक्का बसला, असे ग्रिअरचे म्हणणे होते. पिट्सबर्गने त्या दिवशी प्रतिपक्षापेक्षा अधिक यार्ड मजल मारली, पण गुण एकही मिळाला नाही. मैदानावर मात्र अनर्थ काहीच ओढवला नाही. ज्या प्रसंगामुळे दक्षिणेचा पाया ढासळेल असे सांगितले गेले होते, तो एक साधा, कमी गुणांचा व काहीसा कंटाळवाणा फुटबॉल सामना ठरला. अध्यक्ष व्हॅन लीअर यांचे त्याच जानेवारी महिन्यात निधन झाले.

प्रकरण येथे संपले नाही. त्याच वर्षी लुइझियाना राज्याने गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंनी एकत्र खेळण्यास बंदी करणारा कायदा केला. शुगर बाउलच्या संयोजकांचा त्यास विरोध होता, कारण उत्तरेकडील विद्यापीठे यापुढे येणार नाहीत हे त्यांस दिसत होते. आणि तसेच झाले. काही वर्षे हा राष्ट्रीय म्हणविला जाणारा सामना दक्षिणेतल्या दक्षिणेत खेळला गेला. जोसेफ डॉर्सी या मुष्टियोद्ध्याने दाखल केलेल्या खटल्यात संघीय न्यायालयाने १९५८ मध्ये हा कायदा रद्द ठरविला व १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. तरीही शुगर बाउलमध्ये पुन्हा कृष्णवर्णीय खेळाडू दिसले ते १ जानेवारी १९६५ रोजी, सिरॅक्यूज विद्यापीठाच्या संघात. म्हणजे १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यानंतर. निमंत्रणाची अट काढून टाकण्यास एका सामन्याने आरंभ केला, पण ती निघण्यास नऊ वर्षे व देशाचा कायदा लागला.

६. विद्यापीठाचा नकार

निमंत्रण नाकारण्याचा दुसरा प्रकार विद्यापीठांच्या बाजूचा आहे. सामना खेळाडूंस अभ्यासापासून दूर नेतो व हंगाम लांबवितो, या कारणास्तव मध्यपश्चिमेतील मोठ्या विद्यापीठांच्या संघाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाउल सामने वर्ज्य मानले होते. नोटर डेम विद्यापीठ १९२५ चा रोझ बाउल जिंकल्यावर पुढे १९७० पर्यंत कोणत्याच बाउलमध्ये खेळले नाही. १९४६ मध्ये मध्यपश्चिमेच्या व प्रशांत किनाऱ्याच्या विद्यापीठसंघांनी रोझ बाउलशी करार केला आणि १ जानेवारी १९४७ पासून त्यांचे संघ तेथे समोरासमोर येऊ लागले. अशा रीतीने निमंत्रण हे कृपेचे न राहता हक्काचे झाले.

तथापि हक्क सोडताही येतो, हे नोव्हेंबर १९६१ मध्ये दिसले. करार तेव्हा संपलेला होता. ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ आपल्या विद्यापीठसंघात अजिंक्य ठरला व रोझ बाउलचे निमंत्रण आले. परंतु विद्यापीठाच्या प्राध्यापक-परिषदेने २८ विरुद्ध २५ मतांनी ते नाकारले. फुटबॉलमुळे विद्यापीठाचे मूळ कार्य झाकोळले जात आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. कोलंबस शहरात विद्यार्थ्यांनी मोठी निदर्शने केली. त्यांच्या जागी मिनेसोटा विद्यापीठ गेले व जिंकले. सहा वर्षांपूर्वी अटलांटात विद्यार्थी राज्यपालाविरुद्ध उभे राहिले होते. येथे ते आपल्याच अध्यापकांविरुद्ध उभे राहिले. दोन्ही वेळी मागणी एकच होती, की आमचा सामना आम्हांस खेळू द्या. अध्यापकांची बाजू विद्येच्या दृष्टीने सबळ होती. पण ज्या खेळाडूंनी हंगामभर अंग झिजविले त्यांस त्या परिषदेत एकही मत नव्हते, हेही तितकेच खरे.

७. नवी व्यवस्था आणि खेळाडूचा नकार

१९५२ मध्ये रोझ बाउलचे दूरचित्रवाणीवरून देशव्यापी प्रक्षेपण झाले आणि यजमान शहराच्या हिशेबात नवा घटक आला. तिकिटापेक्षा प्रक्षेपणाचे मोल वाढत गेले. १९८० नंतर सामन्यांच्या नावांस व्यापारी कंपन्यांची नावे जोडली गेली. १९३७ मध्ये प्रमुख बाउल पाच होते. आज त्यांची संख्या चाळिसाच्या घरात आहे, आणि बारा सामन्यांपैकी सहा जिंकलेला संघही सामान्यतः निमंत्रणास पात्र ठरतो. बहुमान इतक्यांस वाटला गेला म्हणजे तो बहुमान राहत नाही.

दुसरीकडे, राष्ट्रीय विजेता मैदानावरच ठरावा, ही मागणी वाढली. १९९८ पासून पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांस समोरासमोर आणणारी योजना आली. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची व २०२४ च्या हंगामापासून बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन यांसह सहा जुने बाउल आता या फेरीचे उपांत्यपूर्व व उपांत्य सामने झाले आहेत. म्हणजे नाव, मिरवणूक व गुलाब कायम राहिले. परंतु तेथे कोण येणार हे आता यजमान ठरवीत नाही. उरलेले बाउल निमंत्रणाचेच आहेत, पण त्यांच्या निकालाकडे लक्ष देणारे कमी झाले आहेत.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र खेळाडूच्या स्थानात झाला. 'विद्यार्थी-क्रीडापटू' ही संज्ञा १९५० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मुद्दाम रूढ केली. जखमी खेळाडूस नोकराप्रमाणे नुकसानभरपाई मागता येऊ नये, हे त्यामागचे कारण होते, अशी कबुली संघटनेचे प्रदीर्घ काळ कार्यकारी प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात दिली. शहर, समिती, विद्यापीठ, शिक्षक व प्रक्षेपणसंस्था या सर्वांस बाउल सामन्यातून प्राप्ती होई. खेळाडूस शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बाउलमध्ये नोटर डेमचा नामवंत खेळाडू जेलन स्मिथ याच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली व धंदेवाईक संघांच्या निवडीत तो बराच मागे पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट व क्रिश्चन मॅकॅफ्री या दोन अग्रगण्य खेळाडूंनी आपापल्या संघांच्या बाउल सामन्यांत उतरण्यास नकार दिला. त्यांच्यावर कृतघ्नतेचा आरोप झाला. परंतु पुढील वर्षांत तसे करणे नित्याचे झाले.

कायद्यानेही त्यांची बाजू हळूहळू उचलली. शिक्षणाशी संबंधित लाभांवर संघटनेने घातलेली मर्यादा स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये एकमताने दिला. त्यानंतर लगेच खेळाडूंस आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंस थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरविण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये बारा संघांत निवड न झालेल्या नोटर डेमच्या संघाने अन्य कोणताही बाउल खेळणार नाही असे जाहीर केले. एके काळी सात-आठ आठवडे वाट पाहून मिळणारे निमंत्रण आता सांत्वनाचे बक्षीस म्हणून परत पाठविले जाऊ लागले आहे.

८. उपसंहार

बाउल सामन्याच्या इतिहासात निर्णयाची सूत्रे अनेक हातांतून गेली. प्रथम ती उत्सव करणाऱ्या शहराच्या हाती होती. नंतर त्यांवर राज्यपाल, नियामक मंडळे व प्राध्यापक-परिषदा यांनी हक्क सांगितला. त्यामागून प्रक्षेपणसंस्था आल्या. ज्याच्यावाचून सामनाच होत नाही त्या खेळाडूस मात्र 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकार सर्वांत शेवटी मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांनी १९५१ मध्ये सोबत्यांसाठी निमंत्रणावर पाणी सोडले तेव्हा तो अधिकार त्यांस कोणी दिलेला नव्हता. त्यांनी तो स्वतःच घेतला व त्याचे मोल दिले. २०१६ नंतरचे नकार स्वतःच्या भवितव्यासाठी होते. या दोहोंची नैतिक पातळी एक मानता येणार नाही. पण दोहोंतून एकच गोष्ट सिद्ध होते. ज्या निमंत्रणास नकार देता येत नाही ते निमंत्रण नसून आज्ञा असते.

जुन्या पद्धतीचे समर्थक बाउल सामन्याचा आत्मा हरपला म्हणून खेद करतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. काहीच ठरत नसतानाही केवळ मानासाठी दोन दूरचे संघ एका परक्या शहरी भेटावेत, यात एक निर्मळ आनंद होता. परंतु त्या आनंदाच्या पंक्तीत सर्वांस पान मांडलेले नव्हते, हे १९५६ च्या शुगर बाउलने दाखविले. आणि पंक्तीसाठी राबणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, हे त्यानंतरच्या साठ वर्षांनी दाखविले. खेळाच्या संस्थांचा अभ्यास करताना गुणफलकाबरोबरच निमंत्रणपत्रिकाही वाचली पाहिजे. कोण कोणाशी जिंकला हे फलक सांगतो. कोणास बोलावले गेले, कोणास वगळले गेले व कोण स्वेच्छेने आला नाही, हे निमंत्रणपत्रिकाच सांगते.